म्हात्र्यांची अभिलाषा

मराठी शिकवणाऱ्या माणसाने कबड्डीवर लेख लिहावा, हे आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला फारसे रुचलेले नाही. "दिवाळी अंक आहे सर, संतसाहित्यावर काही तरी द्या," असे एका सहकाऱ्याने सुचवूनही पाहिले. पण संत थोडे थांबू शकतात. माझ्या बहिणीचा प्रश्न थांबणारा नव्हता.

श्रावणातल्या एका दुपारी ही माझी धाकटी बहीण पेणहून एस. टी. ने आली. छत्री दाराशी टेकवली, पाणीही न पिता म्हणाली, "दादूस, पोरीला तू सांग. तुझं ती ऐकते." पोर म्हणजे माझी भाची. वय वर्षे एकोणीस, आमच्याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला, आणि कबड्डीच्या संघात चढाईला जाणारी. उरणकडचे एक स्थळ आले होते. मुलगा बंदरात नोकरीला, माणसे भली. त्यांचे म्हणणे एवढेच, की आता मुलीने मैदानावर उतरू नये. साखरपुडा दिवाळीनंतर करावा.

यात विशेष ते काय, असे वाचकांना वाटेल. विशेष हे, की हेच वाक्य २००३ साली मी स्वतः उच्चारले होते, आणि तेही या बहिणीलाच.

आमच्या किनाऱ्यावर कबड्डी हा नुसता खेळ नाही. थळपासून रेवदंड्यापर्यंत कुठल्याही गावात जा. भाताची कापणी झाली, की एखादे वावर सपाट होते, पाणी मारून जमीन चोपली जाते, बांबूंना दिवे बांधले जातात आणि रात्री अकरा वाजता लाउडस्पीकरवरून गावाचे नाव असे काही पुकारले जाते, की झोपलेली म्हातारी माणसेही उठून बसावीत. हुतुतू म्हणणारी पिढी आता उरली नाही. पण दमाची ईर्षा तीच आहे. मुलींचे संघही आमच्याकडे पूर्वीपासून होते. माझी बहीण त्यांपैकी एकात खेळे. डावीकडून शिरून, निदान रेषा ओलांडून, बोनस रेषेपाशी ती एक पाऊल असे टाकी, की समोरचा कोपरारक्षक पुढे यायचाच. तो आला, की ती परत फिरताना त्याला स्पर्श करून येई. हे मी मैदानाच्या कडेला उभा राहून पाहिले आहे आणि शिट्ट्याही मारल्या आहेत.

तिच्या संघाला पहिले भांडण करावे लागले ते चड्डीसाठी. गावातल्या वडीलधाऱ्यांना मुलींनी गुडघ्याच्या वर काही घालावे हे मान्य नव्हते. मुली सलवार खोचून खेळत आणि पकडीत सलवार फाटली, की तीच मंडळी हसत. पुढे तोडगा निघाला तो घोट्यापर्यंतच्या पँटीचा.

हे आठवायचे कारण नॉर्वे. त्या देशात मुलींचा हँडबॉल म्हणजे आपल्याकडचे क्रिकेटच म्हणा. त्यांच्या मुली ऑलिंपिकचे सुवर्णपदक २००८, २०१२ आणि २०२४ अशी तीनदा घेऊन आल्या. २०२१ च्या जुलैमध्ये बल्गेरियातील वार्ना येथे वाळूवरच्या हँडबॉलची युरोपीय स्पर्धा झाली. तिथे नियमाप्रमाणे मुलींनी बिकिनीची चड्डी घालावयाची, पुरुषांनी मात्र ऐसपैस. नॉर्वेच्या मुलींनी साधी आखूड पँट घातली, म्हणून त्यांना दीड हजार युरोंचा दंड झाला! जगभर गवगवा झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलला. म्हणजे आमच्या गावी कापड कमी म्हणून तंटा, तिथे कापड जास्त म्हणून दंड. खेळायचे मुलींनी आणि पट्टी घेऊन मोजायला बसायचे इतरांनी, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे.

असो. बहिणीचे लग्न ठरले तेव्हा मी नुकताच एम. ए. होऊन नोकरीला लागलो होतो. घरातला शिकलेला माणूस. सासरच्यांनी विचारले, "अजून खेळते का?" वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "छे, आता खेळ पुरे." ती आत चहा गाळत होती. तिने ऐकले. त्यावर आम्ही दोघे आजवर एका शब्दाने बोललो नव्हतो.

त्या वेळी माझ्यापाशी एक सबबही होती. खेळून होणार काय? पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगला आशियाई स्पर्धांत गेली. मुलींसाठी ते दार उघडायला २०१० साल उजाडले. ग्वांगझूला आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात थायलंडला २८-१४ असे हरवले, तेव्हा माझी बहीण अठ्ठावीस वर्षांची होती आणि चार वर्षांच्या मुलीला भात भरवीत होती.

मग आला २०१२ चा मार्च. पाटण्याला मुलींची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारताने इराणला २५-१९ असे नमवले. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपये जाहीर केले. कबड्डीच्या मुलीला कोटी! आमच्याकडे कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. त्यातही अभिलाषा मुंबईची असली, तरी म्हात्रे हे आडनाव आमच्या किनाऱ्यावर घरोघर. जो तो आपले नाते जुळवून पाहू लागला.

मी त्यांना कधी भेटलेलो नाही. जे पाहिले ते दूरचित्रवाणीवर. परंतु त्यांची कारकीर्द मी एखादी कादंबरी क्रमशः वाचावी तशी वाचत आलो. गुडघ्याच्या दुखापतीने बरीच खेळाडू घरी बसतात. या त्यातून उठून पुन्हा मैदानावर आल्या. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत भारताने पुन्हा इराणलाच ३१-२१ असे हरवले, त्या संघात त्या होत्या. २०१५ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून गाजू लागली होती. २०१६ साली तिच्या जोडीने मुलींचीही तीन संघांची एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली. त्यातील आइस दिवाज या संघाच्या अभिलाषा कर्णधार होत्या. मुलींची स्पर्धा मात्र पुढच्या वर्षी झाली नाही. २०१८ च्या लिलावात मोनू गोयत या चढाईपटूला एक कोटी एकावन्न लाखांची बोली लागली, त्या वर्षी मुलींसाठी बोलीच नव्हती. मधल्या काळात, २०१७ च्या नोव्हेंबरात, इराणमधील गोरगान येथे आशियाई अजिंक्यपदाच्या स्पर्धेत अभिलाषांच्या नेतृत्वाखाली आपण दक्षिण कोरियाला ४२-२० असे हरवले. माझ्या भाचीच्या वहीच्या आतल्या बाजूला त्या दिवसाचे वर्तमानपत्रातले कात्रण आहे. ती तेव्हा सहावीत होती.

आणि २०१८ साली जकार्ताला आपण इराणकडून २४-२७ ने हरलो. भाची रडली. मी तिला सांगितले, "अगं, इराणच्या मुलींना शिकवणाऱ्या बाई नाशिकच्या आहेत, शैलजा जैन." डोके झाकून, पुऱ्या बाह्यांत खेळणाऱ्या त्या मुलींनी सुवर्णपदक नेले. पोशाखाचा वाद घालणाऱ्यांनी नॉर्वे आणि इराण असे दोन्ही सामने शेजारी शेजारी बसून पाहावेत.

हे सगळे मी त्या श्रावणातल्या दुपारी बहिणीला सांगितले. प्राध्यापकी सवयीने सनावळीसकट. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तिघींना कोटी मिळाले. आपल्या गावात माझ्याबरोबर किती जणी खेळत होत्या, मोज."

मी मोजू लागलो. अकरा झाल्या. त्यांतली एक शिपाई म्हणून नोकरीला आहे, एक अंगणवाडीत. बाकीच्या संसारात.

"पोरीचा गुडघा गेला तर तुझी सनावळी तिला पोसणार आहे का?"

याला उत्तर नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, हे मी बोललो. पण त्या पाच टक्क्यांपुढे किती मुली उभ्या आहेत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. २०२३ मध्ये हांगझूला चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवून सुवर्णपदक परत आले, २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्याला विश्वचषकही आपल्याकडेच राहिला, हेही खरे. आणि बहिणीचा गुडघाही खरा.

शेवटी मी ते बोललो, जे बावीस वर्षे बोललो नव्हतो. म्हटले, "तुझ्या वेळी मी चुकलो. मला विचारायला हवं होतं तुला." ती खिडकीबाहेर पाहत होती. वाडीतल्या सुपारीवरून पाणी निथळत होते. "विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली, "लग्नाला. खेळालाही. दोन्हीला हो म्हणता येतं हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

उरणला निरोप गेला तो तिनेच पाठवला: मुलगी तीन वर्षे खेळेल, पदवी घेईल, थांबायचे असेल तर थांबा. तिकडून अद्याप उत्तर नाही. भावोजी माझ्याशी जेमतेम बोलतात.

जिल्हा निवड चाचणीच्या दिवशी बहीण आली होती. सर्वांत मागे, पदर डोक्यावर घेऊन, भिंतीला टेकून उभी. भाचीने पाच चढायांत चार गुण आणले, सहाव्या वेळी पकडली गेली. मी टाळ्या वाजवीत बहिणीकडे गेलो. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

"परतताना मान वळवते," ती म्हणाली. "घरी आली की सांगते तिला."