सूर्यच उगवत नाही, तिथली हवामानाची ड्यूटी

रोज सकाळी मोबाइलवर पावसाचा अंदाज बघायची सवय आता आपल्या सगळ्यांनाच लागली आहे. तो चुकला की हवामान खात्याला नावं ठेवून आपण मोकळे. पण त्यामागची आकडेवारी गोळा कोण करतं, कुठे करतं? नववीच्या भूगोलाच्या तासाला हा प्रश्न निघाला, तेव्हा आम्ही मुलांना ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाची गोष्ट सांगितली. तीच इथे थोडी सविस्तर सांगतो.

118 मीटर लांबीचं हे बर्फफोडं जहाज 20 सप्टेंबर 2019 रोजी नॉर्वेच्या ट्रॉम्सो बंदरातून निघालं. मोहिमेचं नाव मोझेक. वीस देशांचे संशोधक त्यात होते, केरळचे विष्णू नंदन हेही त्यांत होते. ऑक्टोबरमध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात एका मोठ्या बर्फाच्या तुकड्याला त्यांनी जहाज मुद्दाम बांधून घेतलं. मग बर्फ वाहत नेईल तिकडे जायचं! हिवाळ्यात एवढ्या जाड बर्फात जहाजं सहसा जातच नाहीत. म्हणून तिथल्या हिवाळ्याच्या नोंदी फारच तुटपुंज्या होत्या.

थंडीत तिथे जवळपास पाच महिने सूर्य उगवत नाही. मुलींनी लगेच विचारलं, मग झोपायचं कधी, उठायचं कधी? घड्याळावर. नाश्ता, जेवण, मीटिंग, सगळं वेळेवर. वेळ पाळली नाही तर माणसाचं डोकंच फिरायचं, असं आम्हाला वाटतं.

मुख्य काम फुग्याचं. दर सहा तासांनी, म्हणजे दिवसातून चार वेळा, हेलियम भरलेला मोठा फुगा जहाजाच्या हेलिकॉप्टर डेकवरून सोडायचा. त्याला एक लहानशी डबी लटकवलेली असते, तिला रेडिओसोंड म्हणतात. तापमान, आर्द्रता, वारा यांची माहिती ती रेडिओने खाली पाठवत राहते. फुगा साधारण तीस किलोमीटर उंचीवर जाऊन फुटतो. वादळ असो की मध्यरात्र, वेळ चुकवायची नाही, कारण गेलेल्या तासाची हवा पुन्हा मोजता येत नाही. आपल्याकडेही हवामान खातं दिवसातून दोनदा असे फुगे सोडतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

उरलेलं काम बर्फावर उतरून. थंडी उणे 40 अंशांच्या आसपास, कपाळावर टॉर्च. किरण मोजणाऱ्या यंत्रांच्या काचेवर दव गोठून बसतं, ते रोज हाताने साफ करायचं. नाही केलं तर आकडा खोटा. सोबत बंदूक घेतलेला पहारेकरी हवाच, पांढरी अस्वलं फिरत येतात. नोव्हेंबरच्या वादळात बर्फाला भेगा पडल्या, केबल आणि यंत्रं हलवावी लागली.

आता मोजून काय कळतं ते बघा. आम्ही वर्गात शिकवतो की, वर जावं तसं हवा थंड होत जाते, किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश. ध्रुवीय रात्रीत उलटं होतं! आकाश निरभ्र असलं की बर्फाची उष्णता वर निघून जाते, बर्फाला चिकटलेली हवा सगळ्यात गार होते आणि काहीशे मीटर वर गेलं तर ऊब वाढते. ढग आले की गोधडी पांघरल्यासारखं होतं, जमिनीलगतचं तापमान भराभर चढतं. कॉम्प्युटरचे अंदाज नेमके इथेच गडबडतात. उत्तर ध्रुवाचा भाग जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त वेगाने तापतो आहे, तेव्हा ही गडबड परवडणारी नाही.

मग कोरोना आला. विमानं बंद, बदली माणसं येईनात. जहाजावरच्या लोकांना ठरल्यापेक्षा जवळपास दोन महिने जास्त राहावं लागलं. घरची काळजी, आणि इंटरनेट जेमतेम. लॉकडाऊनमध्ये घरात बसून आपण वैतागलो होतो, त्यांचा विचार करा! शेवटी मे महिन्यात बर्फ सोडून जहाज स्वालबार्डजवळ आलं, दुसऱ्या जहाजांवरून नवी टीम चढली आणि ते परत बर्फाकडे गेलं.

12 ऑक्टोबर 2020 ला पोलारस्टर्न ब्रेमरहाफनला परतलं. त्या फुग्यांचे आकडे आता इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले आहेत. आमच्या वर्गाने त्यातल्या जानेवारीच्या एका रात्रीचा आलेख काढला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने तो उलटा धरलाय समजून दोनदा फिरवून पाहिला.