कला अकादमी, पणजी: नाटक, तियात्र, मैफल आणि सिनेमा

मांडवीकाठी कांपालला असलेली कला अकादमीची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेली. मुख्य सभागृह मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचे. त्याच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या शैलीत सज्ज्यात बसलेले प्रेक्षक रंगवलेले आहेत, नाटकाआधी ते निवांत पाहावेत.

इथल्या वर्षाचा कणा म्हणजे स्पर्धा: मराठी नाट्य, कोकणी नाट्य, तियात्र (गोव्याचा कोकणी संगीतनाट्य प्रकार) आणि भजन. गावोगावची हौशी मंडळे त्यांसाठी तालमी करतात, म्हणूनच हे प्रयोग सर्वांत जिवंत वाटतात. शास्त्रीय गायनाच्या रसिकांसाठी सुरश्री केसरबाई केरकर समारोह असतो. गायिका केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. चित्रपटांसाठी महत्त्वाचा महिना नोव्हेंबर. 2004 पासून गोव्यात भरणाऱ्या इफ्फीचे (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे) खेळ पणजीत अनेक पडद्यांवर होतात; त्यासाठी प्रतिनिधी म्हणून आगाऊ नोंदणी लागते.