जुनी मोठी सेडान: खरेदी स्वस्त, देखभाल महाग

होंडा अकॉर्ड, टोयोटा कॅमरी किंवा स्कोडा सुपर्ब यांसारखी मोठी सेडान मोटार दहा-बारा वर्षांनंतर नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत मिळू शकते. मात्र वापरामुळे मोटारीचे मूल्य घटले, तरी तिच्या सुट्या भागांचे दर त्या प्रमाणात उतरत नाहीत. त्यामुळे खरेदीपूर्वी काही बाबी तपासणे आवश्यक ठरते.

इंजिन थंड असताना ते सुरू करून पाहावे. त्या वेळी होणारा खडखडाट टायमिंग चेन सैल झाल्याचे लक्षण असू शकतो. ही चेन निसटल्यास पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स असल्यास मोटार कोंडीत चालवून पाहावी. मंद गतीत झटके बसत असतील, तर क्लच झिजलेला असण्याची किंवा नियंत्रण संचात बिघाड असण्याची शक्यता असते. या दोन्ही दुरुस्त्या खर्चिक आहेत. कूलंटची गळती आणि सस्पेन्शनमधील झिजलेले बुश याही नेहमीच्या तक्रारी आहेत.

कागदपत्रांचा खर्चही लक्षात घ्यावा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो. तो मोटारीबरोबर नव्या मालकाकडे येत नाही. विमा आपल्या नावे करण्यासाठी हस्तांतरणानंतर १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले.

म्हणूनच व्यवहारापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घेणे आणि दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम राखून ठेवणे हिताचे ठरते.