ओवी, संबळ आणि व्हॉल्व्हचे यंत्र

व्याख्यानाच्या मंडपात वक्ता उभा राहण्यापूर्वी कोणीतरी माइकवर दोन टिचक्या मारतो, "हॅलो, हॅलो" म्हणतो आणि निघून जातो. श्रोत्यांच्या दृष्टीने माइकचे शास्त्र तेथेच संपते. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला की काम झाले. परंतु तोच आवाज कायमचा टिपून ठेवावयाचा असेल, तर तो नुसता मोठा करून भागत नाही. कुजबूज वर उचलावी लागते आणि आरोळी आवरावी लागते. पहिले काम करणाऱ्या यंत्राला प्री-अँप्लिफायर म्हणतात, दुसऱ्याला कॉम्प्रेसर. ही दोन्ही यंत्रे जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारी असली तर ती कशी हाताळावीत, एवढाच येथे विषय आहे.

उदाहरण आपल्या परभणी जिल्ह्यातलेच घेऊ. गंगाखेड हे जनाबाईचे गाव. त्या मुलखातली बाई जात्यावर ओवी म्हणते ती कोणाला ऐकविण्यासाठी नव्हे. आवाज पुष्कळदा जात्याच्या घरघरीखालीच राहतो. उलट गोंधळ्याने संबळावर टिपरी टाकली की दोन गल्ल्यांपलीकडचा माणूस जागा होतो. ध्वनिशक्तीच्या हिशेबाने या दोहोंत सहज लाखपटीचे अंतर पडू शकते. आपला कान हे अंतर सहन करतो. यंत्राला ते झेपेलच असे नाही.

माइक आवाजाचे विजेत रूपांतर करतो खरे, पण ती वीज किती? साध्या बोलण्याला एका व्होल्टचा एक-दोन हजारांश. पुढच्या यंत्रांना सुमारे एक व्होल्ट हवा असतो. म्हणजे हजारपटीची वाढ करावी लागते, आणि तीही अशी की वाढीबरोबर खरखर वाढता कामा नये. प्रथम एक लहान ट्रान्स्फॉर्मर दाब दहापट वाढवितो. उरलेले काम व्हॉल्व्ह करतो.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यात एक तापणारी तार असते. तिच्या उष्णतेने भोवतालच्या धातूच्या नळीतून विद्युत्कण बाहेर पडतात आणि पलीकडच्या पत्र्याकडे धावतात. फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये एवढे साधले होते. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी दोहोंच्या मध्ये तारेची जाळी बसविली आणि सारा चमत्कार त्या जाळीत आहे. जायकवाडीच्या कालव्याचे पाणी शेताकडे वळविणारे दार एक माणूस हाताने वरखाली करतो. पाणी त्याच्या अंगातून येत नाही, पण दार हलेल तसा प्रवाह हलतो. माइकची क्षीण वीज म्हणजे तो हात आणि जाळी म्हणजे ते दार. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकेकाळी असे व्हॉल्व्ह तयार होत. घरातला जुना रेडिओ ज्यांनी उघडून पाहिला असेल त्यांना काचेवरची 'बी.ई.एल.' ही अक्षरे आठवतील.

त्या रेडिओची आणखी एक सवय आठवत असेल. कळ दाबल्यावर तो लगेच बोलत नसे. स्टुडिओतले यंत्रही तसेच आहे. आवाज लवकर निघाला तरी ते स्थिर व्हायला वीस-तीस मिनिटे द्यावीत. आपल्याकडे दुसरी अडचण विजेच्या दाबाची. तापणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट लागतात. साधा ट्रान्स्फॉर्मर असेल आणि २३० चा दाब १८० वर घसरला, तर तारेला जेमतेम ५ मिळतात. नळी अर्धपोटी राहते आणि आवाज मलूल होतो. स्टॅबिलायझर ही तेथे चैन नव्हे. शिवाय मे महिन्यातली परभणी, बंद खोली, आवाज नको म्हणून थांबविलेला पंखा आणि तापलेल्या नळ्या! गायकाला अधूनमधून बाहेर वाऱ्यावर जाऊ द्यावे. यंत्राचे झाकण मात्र कोणी उघडू नये. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ साठून राहतात. हौशी माणसाचा त्याने जीव जाऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. प्री-अँप्लिफायरला बहुधा दोन बटणे असतात, एक आत येणाऱ्या आवाजाचे आणि एक बाहेर जाणाऱ्या आवाजाचे. आतले बटण वाढवून बाहेरचे कमी केले तर नळीवर अधिक भार येतो आणि आवाजाला एक भरीवपणा येतो. यात गूढ काही नाही. गायकाने मध्य सप्तकातला सा लावला, तर अशी नळी पदरचा थोडासा तार सप्तकातला सा त्यात मिसळते. तो मूळ स्वराचा सगाच असल्यामुळे कानाला गोड लागतो. पण भार आणखी वाढला की लाटेचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज पुढे कोणत्याही यंत्राने पुरता सांधता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. गंगाखेडकडच्या एका वृद्ध बाईंच्या ओव्या आम्ही परभणीत एका लहानशा स्टुडिओत मुद्रित करीत होतो. जाते असल्याशिवाय ओवी सुचत नाही म्हणाल्या, म्हणून जाते आणून गोधडीवर मांडले. मी त्यांना नाव-गाव विचारले. त्या लाजत, हलक्या आवाजात बोलल्या आणि तेवढ्यावर मी बटण बसविले. जात्याला दोन फेरे दिल्यावर मात्र त्यांनी असा खणखणीत गळा काढला की काटा लालीत जाऊन टेकला. पहिली ओवी फाटली. "मावशी, तीच पुन्हा म्हणा," अशी विनंती केली. त्यांनी म्हटली, पण लेकीचे नाव होते तेथे भावाचे आले आणि चालही किंचित बदलली. त्यांच्या लेखी तीच ओवी होती. माझ्याजवळून पहिली कायमची गेली होती.

तेव्हापासून मी गायकाला सर्वांत वरची ओळ प्रथम म्हणावयास सांगतो, ती काट्याच्या बऱ्याच खाली बसवितो, आणि त्याहीवर तो जाईल असे गृहीत धरतो.

कॉम्प्रेसरचा जन्म नभोवाणीच्या गरजेतून झाला. कर्ण्यापुढे ओरडून गाण्याचा काळ १९२५ मध्ये विद्युत्-मुद्रण आल्यावर ओसरला आणि हलका आवाजही टिपता येऊ लागला. पण प्रक्षेपणाची लहर ठराविक मर्यादेपलीकडे हलविली तर आवाज विद्रूप होतो. म्हणून बसल्या जागी माणूस हाताने बटण वरखाली करी. त्या माणसाचे काम वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३७ च्या सुमारास एका यंत्राकडे दिले. पुढे १९६० नंतर कॅलिफोर्नियात जिम लॉरेन्स यांनी एल.ए.-टू-ए नावाचे व्हॉल्व्हचे यंत्र केले, त्याची रचना मोठी मौजेची आहे. आवाज वाढला की आत एक लहानशी पट्टी उजळते. तिच्यासमोर प्रकाशाने रोध कमी होणारा पदार्थ असतो. तो जास्तीची वीज परस्पर वळवून टाकतो. आवाज ओसरला की उजेड मावळतो आणि मार्ग पुन्हा मोकळा होतो. अर्धी सैल पडते ती निमिषात, उरलेली सावकाश, कधी काही सेकंदांनी.

हाताळायला मुख्य बटणे दोनच. एकाने किती दाबायचे ते ठरते, दुसऱ्याने दाबून खाली आलेला आवाज सर्वस्वी वर उचलायचा. गायक जोरात असता काटा तीन ते पाच डेसिबल मागे यावा आणि हलक्या ओळीला शून्यावर परतावा, एवढे पुरे.

त्याहून लोभ धरला की काय होते? त्याच बाईंच्या ओव्यांवर मी एकदा बटण सढळ फिरवून पाहिले. ओवी संपून त्या श्वास घेत, तेवढ्यात यंत्र सैल पडे आणि जात्याची घरघर एकदम उसळून वर येई, जणू मावशींनी त्या क्षणी दळण दुप्पट वेगाने सुरू केले! नवी ओवी सुरू झाली की जाते पुन्हा दबे. तंबोऱ्याच्या साथीतही हाच दोष ऐकू येतो.

संबळाची तऱ्हा निराळी. या यंत्राला जागे व्हायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. टिपरीचा पहिला ठोका तेवढ्यात निसटून जातो आणि शिक्षा मागून येणाऱ्या गायकाला होते, कारण एकाच माइकमध्ये दोघे असले तर यंत्र दोघांनाही खाली दाबते. त्याला उपाय यंत्रात नाही, मांडणीत आहे. गायकाला स्वतंत्र माइक द्यावा आणि संबळ दूर न्यावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले तर आवाज सहा डेसिबलने उतरतो. कसलेला गायक तर तार स्वराला स्वतःच मान मागे घेतो. त्याच्या हाताखाली पुष्कळदा कॉम्प्रेसरला काही कामच उरत नाही.

मग यंत्र हवे तरी कशाला, असे कोणी विचारील. परभणी आकाशवाणीच्या १३०५ किलोहर्ट्झवर काटा आणून शेतावर रेडिओ ऐकणाऱ्याला विचारा. शेजारी मोटार चालू, झाडाला अडकविलेला ट्रान्झिस्टर. तेथे ओवीतला हलका शब्द पोचावयाचा असेल तर चढउतार आवळावाच लागतो. पण ती गरज ऐकण्याच्या जागेची आहे, ओवीची नव्हे. आजच्या अंकीय मुद्रणात हलक्यात हलका आवाज टिपण्याइतकी जागा असते. म्हणून माझे मत असे, की लोकगायनाचे मूळ मुद्रण कॉम्प्रेसरशिवाय करावे आणि आवळायचे ते प्रतीवर आवळावे. व्हॉल्व्हच्या यंत्रातून प्रत पुन्हा काढता येते, आणि बटण चुकले तर तिसऱ्यांदाही.

त्या बाईंच्या ओव्यांचे आम्ही तसेच केले. मूळ मुद्रण वेगळे ठेवले. रेडिओजोग्या प्रतीत काटा चारपलीकडे जाऊ दिला नाही, जाते जागच्या जागी राहिले. मूळ मुद्रणाच्या वेष्टनावर तारीख, माइकचे अंतर आणि बटणांचे आकडे लिहिले आहेत. पहिल्या ओवीपुढे "फाटली" असा शेराही आहे.