ती ओरडली नाही, म्हणून संमती होती का?

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार एका आदिवासी मुलीने केली. सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही, ही त्यातली कारणे. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलने झाली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पण शिरूर-दौंडच्या पारावर काय, शहरात काय, जुने समज अजून ऐकू येतात.

गैरसमज : प्रतिकार केला नाही, म्हणजे संमती होती.
वस्तुस्थिती : संमती म्हणजे त्या विशिष्ट कृत्याला स्वेच्छेने दिलेला स्पष्ट होकार. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येच लिहिले आहे. अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायदा मानतच नाही. आरोपी ठाण्यातला पोलीस असेल, संबंध सिद्ध झाला असेल आणि संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर न्यायालय तसेच गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो.

गैरसमज : पाहणारा कोणी नसेल, तर खटला टिकत नाही.
वस्तुस्थिती : नागपूरच्या एका पोलीस अधिकाऱ्याविरुद्धच्या खटल्यात 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पीडितेच्या साक्षीला जखमी साक्षीदाराच्या साक्षीइतके वजन द्यावे. तिची एकटीची साक्षही शिक्षेला पुरेशी ठरू शकते. पण ती विश्वासार्ह हवी. वेळेचा थोडा घोळ किंवा किरकोळ तपशिलातला फरक चालतो. मूळ घटनाच जबाबागणिक बदलली, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. मात्र आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटीच होती, असे आपोआप ठरत नाही.

गैरसमज : तिचे चारित्र्य पाहूनच न्यायालय ठरवते.
वस्तुस्थिती : बलात्काराच्या खटल्यात तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून साक्ष खोडण्याची मुभा 2002 च्या दुरुस्तीने काढून टाकली. पूर्वीचे संबंध दाखवून या वेळची संमती सिद्ध करता येत नाही. दोन बोटांनी योनीची तपासणी करणारी ‘टू फिंगर टेस्ट’ घेणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले.

गैरसमज : लग्नाचे वचन मोडले, की बलात्कार झाला.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये भेद स्पष्ट केला. वचन देतानाच ते पाळायचा इरादा नव्हता का, आणि त्या वचनामुळेच तिने संबंधाला होकार दिला का, हे दोन्ही पाहावे लागते. पुढे घरच्यांच्या विरोधामुळे किंवा मतभेदामुळे लग्न मोडले, तर तो बलात्कार ठरत नाही. पाळायचा इरादा नसताना लग्नाचे वचन देऊन ठेवलेल्या संबंधासाठी 1 जुलै 2024 पासून याच संहितेच्या कलम 69 खाली वेगळा गुन्हा आहे.

गैरसमज : उशीर झाला किंवा हद्द दुसरी असली, तर तक्रार घेत नाहीत.
वस्तुस्थिती : बदनामीच्या भीतीने झालेला उशीर न्यायालये समजून घेतात; त्याचे कारण मात्र सांगावे. घटना यवतला घडली, तरी शिरूरच्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येते. दौंडसारख्या जंक्शनवर, धावत्या गाडीतल्या घटनेत हे फार मोलाचे. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार द्यायलाच हवेत. वैद्यकीय तपासणी मात्र तिच्या संमतीनेच होते.

ती कशी वागते, काय नेसते, किती वाजता घराबाहेर होती, यावर खटला चालत नाही. त्या क्षणी तिचा होकार होता का, हाच प्रश्न न्यायालयापुढे असतो. तक्रार घेऊन आलेल्या मुलीला गावानेही दुसरे काही विचारू नये; तिला ठाण्यापर्यंत सोबत करावी.