चेहरा आखडतो, दोष मात्र कवटीत

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पट्ट्यात काय किंवा परळला काय, एका बाजूची पापणी सारखी लवू लागली की आधी शकुन बघतात, मग ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणतात. पुढे त्याच बाजूचं तोंडही ओढलं जातं, झोपेतही सुटका नसते. हा हेमिफेशियल स्पॅझम. तो मनाचा खेळ नव्हे, याचा सुरेख पुरावा फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट जोसेफ बाबिन्स्कीने 1905 मध्येच नोंदवला होता: झटका आला की डोळा मिटतो आणि त्याच वेळी त्याच बाजूची भुवई वर जाते. आरशासमोर करून बघा, पट्टीच्या नटालाही जमणार नाही. दोष असतो आत, चेहऱ्याची नस मेंदूच्या बुंध्यातून निघते तिथे. एखादी धमनी तिला टेकते आणि ठोक्यागणिक घासते. वायरवरचं प्लास्टिक झिजून शेजारच्या वायरीत करंट उतरावा, तसा डोळ्याकडे निघालेला संदेश ओठाकडेही पोचतो. म्हणून कानामागे छोटं छिद्र पाडून धमनी बाजूला करायची आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. श्रेय 1966 मध्ये मायक्रोस्कोपखाली हे करणाऱ्या पीटर जॅनेटाला मिळतं; पण हा आजार उलटवता येतो, असं क्लीव्हलँडच्या जेम्स गार्डनरने 1962 मध्येच लिहून ठेवलं होतं. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

यावर आक्षेप रास्त आहे: धमनी तर कित्येक धडधाकट माणसांतही नसेला टेकलेली दिसते, मग तिलाच दोषी का धरायचं? उत्तर ऑपरेशन टेबलावर मिळतं. नसेची एक फांदी विजेने चेतवली की रुग्णाचे भलत्याच फांदीवरचे स्नायू हलतात, आणि धमनी उचलताच हे बहुधा तिथल्या तिथे थांबतं. तरी ऑपरेशननंतरही काहींचे झटके आठवडे, महिने रेंगाळतात. म्हणजे नसेच्या मुळाशी, मेंदूतल्या पेशीही चिडलेल्या असणार, हे मज्जासंस्थेचे संशोधक आगे म्योलर यांचं म्हणणं मला पटतं. एमआरआयवरची नुसती धमनी दाखवून ‘कायमचा इलाज’ विकणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास नको. ऑपरेशनने दहातल्या आठ-नऊ जणांना गुण येतो, हे खरं. बोटॉक्सचं इंजेक्शन मात्र तीन-चार महिनेच टिकतं, मुळाला हात लावत नाही. तरी वय झालेल्याला किंवा हृदयविकार असलेल्याला तेच बरं. ऑपरेशनची खरी जोखीम शेजारच्या, ऐकण्याच्या नसेला असते. म्हणून लोकल पकडून मुंबईतलं इस्पितळ गाठणाऱ्याने खर्चाआधी विचारावं: ऑपरेशन चालू असताना कानात टकटक आवाज सोडून त्या नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र आणि ते वाचणारा माणूस तुमच्याकडे आहे का?