ऐकायची राहून गेलेली तबकडी : ‘मला उमजलेले बालगंधर्व’

कुमार गंधर्व आपल्या भागाचे, हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो. ८ एप्रिल १९२४ रोजी सुळेभावीत त्यांचा जन्म झाला. बेळगावात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. उचगावच्या साहित्य संमेलनासारख्या कार्यक्रमात या भागाचे मोठेपण सांगायची वेळ आली की त्यांचे नाव हमखास निघते. पण ‘त्यांची एखादी ध्वनिमुद्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आहे का?’ असे विचारले तर बहुतेक जण ‘देव दीनाघरी धावला’ नाटकासाठी वाणी जयराम यांच्याबरोबर गायिलेल्या त्या प्रसिद्ध द्वंद्वगीतावर आणि एखाददुसऱ्या निर्गुणी भजनावर येऊन थांबतात.

आम्ही बँकेत आयुष्य घालवलेली माणसे. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते ‘इनऑपरेटिव्ह’ होते. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होते. शिल्लक असते, फक्त मालक फिरकत नाही. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ही एचएमव्हीची एलपी आपल्या भागाचे असेच एक खाते आहे.

या तबकडीत कुमारांनी बालगंधर्वांची नाट्यपदे गायिली आहेत. एवढेच सांगितले तर ऐकणाऱ्याला वाटते, मग मूळ बालगंधर्वच ऐकू की! ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर कुमारांच्या लहानपणात सापडते.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हे त्यांचे मूळ नाव. घर कानडी बोलणारे. सहा-सात वर्षांचा हा मुलगा ग्रामोफोनवर ऐकलेल्या बड्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवी. तान, हरकत, आवाजाचा झोक, सगळे जसेच्या तसे. त्यावरूनच ‘कुमार गंधर्व’ हे नाव मिळाले. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले. १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठले, १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला जावे लागले आणि पाच-सहा वर्षे गाणे बंद राहिले. १९५३ मध्ये ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते.

म्हणजे नक्कल हे ज्याच्या डाव्या हाताचे काम, त्या माणसाने चाळिशीत बालगंधर्व गायला घेतले आणि नक्कल साफ टाळली. नावातच सांगून टाकले : मला उमजलेले. बालगंधर्वांच्या भक्तांपैकी अनेकांना हे रुचले नाही. त्यांना मूळ गोडवा हवा होता. उलट ख्याल ऐकणाऱ्या मंडळींनी ही नाटकातली पदे म्हणून फारशी मनावर घेतली नाहीत. दोन्ही दारांतून ही तबकडी परत गेली. ती मागे पडण्याचे कारण आमच्या मते हेच आहे. गाण्यात काही कमी आहे म्हणून नव्हे.

आता थोडे तांत्रिक. बालगंधर्वांच्या काळातली तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेणारी. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. रंगभूमीवर मात्र तेच पद वन्समोअर घेत घेत रात्र चढवी. साथीला ऑर्गन, तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. ज्यांनी ते प्रत्यक्ष ऐकले ती पिढी गेली. आपल्या हाती उरली ती तीन मिनिटे, तीही घाईत उरकलेली. पासबुकातल्या नोंदीवरून खातेदाराचा स्वभाव ओळखावा, तसे हे काम. मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली. नाट्यपदाला पुन्हा श्वास घ्यायला जागा झाली.

ती जागा कुमारांनी कशी वापरली ते एका पदावर पाहता येते. ‘स्वयंवर’ नाटक १९१६ चे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. त्यातले रुक्मिणीचे यमनातले पद मराठी घरात कोणाला माहीत नाही? बालगंधर्व ते गातात तेव्हा एका शब्दातून दुसरा शब्द न तुटता निघतो, रेशमाचा धागा ओढावा तसा. लय कुठे धरली आणि कुठे सोडली हे कळतही नाही. कुमारांचा श्वास मुळातच तोकडा. ते स्वर एकदम लावतात, छोटा तुकडा घेतात आणि थांबतात. त्या थांबण्यात आधीच्या शब्दाचा अर्थ मागे घुमत राहतो. तान येते ती विजेसारखी, आणि अपेक्षेच्या आधीच संपते. रुक्मिणीचे लाजणे बालगंधर्वांकडे आहे. कुमारांकडे तिचा ठामपणा ऐकू येतो. पण लयीशी चाललेली लपाछपी आणि अक्षरावर हळूच ठेवलेले वजन मात्र थेट बालगंधर्वांचे. आधी कुमार ऐकून मग जुनी तबकडी लावली की हे लक्षात येते, आणि त्या तीन मिनिटांत किती भरले होते हेही तेव्हाच कळते.

आपल्याला हे विशेष जवळचे वाटावे असे आणखी एक कारण आहे. ज्यांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ करून संगीत नाटक उभे केले ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. बालगंधर्व त्यांच्याच मंडळीत १९०५ मध्ये आले. आणि त्या परंपरेचा इतका खोल विचार गळ्यातून मांडणारा सुळेभावीचा, कानडी घरातला. सीमाभागात भाषेवरून काय काय चालते ते आम्ही उभा जन्म पाहिले आहे. त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

कुमारांच्या ‘त्रिवेणी’ या सूर-कबीर-मीरेच्या तबकडीचीही अशीच आबाळ झाली आहे. तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

आता ऐकायचे कसे? मोबाइलवर यातली पदे सुटी सुटी सापडतात, पण क्रम मोडलेला असतो आणि मध्येच दुसऱ्याच कोणाचे गाणे सुरू होते. शक्य तर एक बाजू सलग ऐकावी. पहिल्या खेपेला कुमारांचे पद, मग त्याच पदाची बालगंधर्वांची जुनी तबकडी, मग पुन्हा कुमार. तासाभराचे काम आहे. पहिल्या ऐकण्यात आवाज खरखरीत वाटला तरी सोडू नये.

ज्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या आहेत त्यांना विनंती, की दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारवाल्याला देऊ नयेत. एकीवर एक रचू नयेत, वाकतात. पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. एलपी पुसायची तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित ओला केलेला मऊ सुती कपडा रेघांच्या दिशेने फिरवावा, मधला कागद कोरडा ठेवावा. जुन्या ७८ च्या तबकड्यांना स्पिरिट अजिबात लावू नये. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने लाख विरघळते आणि गाणे कायमचे जाते. तबकडी आहे पण वाजवायला यंत्र नाही, अशी अडचण असेल तर आपल्या मंडळात चालू रेकॉर्ड प्लेअर आहे. पिन नुकतीच बदलली आहे. तबकडी घेऊन यावे, सोबत बसून ऐकू.